कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी

पावसाळा सुरू झाला की मराठी वर्तमानपत्रांत तीन नावे रोज शेजारी शेजारी छापून येतात : कोयना, नवजा, महाबळेश्वर. चोवीस तासांत कुठे किती मिलिमीटर पडला, धरणात आवक किती क्युसेक, साठा किती टीएमसी. कराड-सांगलीच्या नदीकाठी राहणारा माणूस हे आकडे पुराच्या धास्तीने वाचतो. दुष्काळी तालुक्यातला शेतकरी उन्हाळ्यातल्या आवर्तनाच्या आशेने वाचतो. मी ते वीजवाल्याच्या नजरेने वाचतो. माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली. सुरुवातीची वर्षे पोफळीच्या भूमिगत वीजगृहात, पुढची कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात. आधी पाण्यापासून वीज होताना पाहिली आणि नंतर ती वीज राज्याला नेमकी केव्हा लागते ते पाहिले. या दोन्ही जागांवरून मला जे कळले ते असे, की जलविद्युतची खरी किंमत तिच्या एकूण युनिटांत शोधू नये. ती कोणत्या वेळी हाताशी येते, यात ती किंमत आहे.

आधी पाण्यापासून वीज कशी होते ते पाहू. गणित दोनच गोष्टींचे आहे : पाणी किती आणि ते किती उंचीवरून खाली येते. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. ती दहा मीटर उंचीवर आहे असे धरले आणि त्यातले सगळे पाणी खाली सोडून वीज करायची ठरवली, तर हाती येते एका युनिटाचा चाळिसावा भागसुद्धा नाही. एक बल्ब काही तास जळेल, बस्स. आता तेच हजार लिटर पाणी पावणेपाचशे मीटर खाली सोडा. जनित्रातली घट वजा करूनही सव्वा युनिटाच्या जवळपास वीज मिळते. पाणी तेच, फक्त उंची वाढली. जलविद्युतच्या भाषेत या उंचीला ‘हेड’ म्हणतात आणि सह्याद्रीने महाराष्ट्राला दिलेले सर्वांत मोठे दान हेच आहे.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे, पाटण तालुक्यात, धरण बांधून तिला अडवले. पाणी भरले की जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६६० मीटर असते. आणि पश्चिमेला फक्त काही किलोमीटर जाडीचा डोंगर ओलांडला, की खाली कोकण आहे. या डोंगरातून बोगदा काढून पाणी पलीकडे सोडले तर एका उडीत जवळपास पाचशे मीटरचे हेड मिळते, हे इंग्रजी अमदानीतल्या अभियंत्यांच्याही लक्षात आले होते. प्रत्यक्ष काम स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६२ मध्ये पोफळीची वीज वाहू लागली.

धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशीही एक छोटे वीजगृह आहे. त्यात २० मेगावॅटचे दोन संच. ते दोन्ही चालू असले की नदीत २१०० क्युसेक पाणी सुटते; पावसाळ्यात ‘पायथा वीजगृहातून विसर्ग’ म्हणून हा आकडा बातम्यांत असतो. या २१०० क्युसेकमधून वीज होते ४० मेगावॅट. तेवढेच पाणी पश्चिमेला वळवून पोफळीत उतरवले, तर माझ्या हिशेबाने अडीचशे मेगावॅटच्या आसपास वीज होते. तिथून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून अलोऱ्याच्या वीजगृहात आणखी शंभरेक मीटर खाली सोडतात, त्याचे पन्नासेक मेगावॅट वेगळेच. पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेला का वळवली, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अर्थात ही वीज फुकट मिळालेली नाही. त्या किमतीकडे पुढे येतो.

नवजाच्या बाजूला जलाशयातून पाणी आत घेतात. तिथून सुमारे पावणेचार किलोमीटरचा अधिजल बोगदा, त्याच्या टोकाला उल्लोल विहीर आणि मग डोंगराच्या पोटातून खाली उतरणारे पोलादी नळ. या नळांच्या तळाशी पाण्याचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या पंचेचाळीसपटीहून जास्त असतो. तिथे ते एका तोटीतून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. ही धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरते, त्याच दांड्यावरचे जनित्र फिरते. डोंगराच्या आत कोरलेल्या त्या दालनात उभे राहिले की पायांखालची फरशी हलकी थरथरत असते आणि शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. मुंबईची लोकल, पुण्यातला कारखाना आणि माझ्या गावातली पिठाची गिरणी एकाच थरथरीवर चालते, हे तिथे पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या तरुण अभियंत्याला अंगावर काटा आणणारे वाटते. मला तरी ते वाटले आणि निवृत्त होईपर्यंत वाटत राहिले.

उल्लोल विहीर कशाला, असे आमच्याकडे भेटीला येणारे विद्यार्थी हमखास विचारत. बोगद्यातून हजारो टन पाणी वेगाने पुढे येत असते. खाली अचानक मशीन बंद पडली तर हे पाणी जागच्या जागी थांबू शकत नाही. त्याचा धक्का नळ फोडू शकतो. त्या क्षणी पाण्याला वर चढायला मोकळी वाट हवी, म्हणून ही उभी विहीर. पेल्टन चाकासमोर एक पोलादी पाते असते. तेही याच कारणासाठी. तोटी एकदम बंद करता येत नाही, म्हणून आधी हे पाते धारेत येते आणि पाणी चाकावरून बाजूला वळवते. तोटी मागाहून सावकाश मिटते. अलोऱ्याला हेड कमी आणि पाणी जास्त, म्हणून तिथे पेल्टनऐवजी फ्रान्सिस जातीची चाके आहेत. ती पूर्णपणे पाण्यात बुडून फिरतात.

पोफळीहून मी कळव्याला गेलो आणि माझी दृष्टी बदलली. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवता येत नाही. लोक ज्या क्षणी बटण दाबतात, त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मितीचा तोल सांभाळला जातो आहे की नाही, हे फ्रिक्वेन्सी सांगते. ती ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवी. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ती घसरते, उलट झाले की चढते. भार प्रेषण केंद्रात बसणाऱ्याची नजर दिवसभर त्या आकड्यावर असते. संध्याकाळी दिवे लागतात, दुकाने उजळतात, घरोघरी पंखे-टीव्ही-मिक्सर सुरू होतात आणि मागणी चढू लागते. औष्णिक संच अशा वेळी पटकन मदतीला येत नाही. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा पेटवून पूर्ण भार घ्यायला कित्येक तास जातात आणि चालू असलेला संच निम्म्याहून फार खाली उतरवताही येत नाही. मग फोन जाई पोफळीला.

‘‘दोन मशीन घ्या.’’

‘‘घेतली साहेब.’’

काही मिनिटांत दोन्ही मशीन भारावर येत आणि समोरचा आकडा सावरे. मोठा बिघाड होऊन ग्रिडचा एखादा भाग अंधारात गेला, तर बाहेरून वीज न घेता स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकणारे संचही मुख्यतः जलविद्युतचेच असतात. त्यांच्या विजेवर मग औष्णिक केंद्रांचे पंप आणि पंखे चालू करून सगळी यंत्रणा पायरीपायरीने उभी करतात.

याचा सगळ्यांना माहीत असलेला दाखला म्हणजे ५ एप्रिल २०२०. टाळेबंदीच्या दिवसांत रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावल्या. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा चढली. इतका मोठा झोल ग्रिडने सहन केला, कारण देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती १७ हजार मेगावॅटहून अधिक कमी केली आणि मग तितक्याच चपळाईने पुन्हा वाढवली. मी तेव्हा निवृत्त होतो, पण घरी दूरदर्शनसमोर बसून त्या नऊ मिनिटांत माझे लक्ष पणत्यांकडे नव्हते. नियंत्रण कक्षातल्या माणसांचे हात कसे चालले असतील, तेच मी डोळ्यांपुढे आणत होतो.

आता कोयनेची एकूण क्षमता पाहा. पोफळीतला पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट, अलोऱ्याचा तिसरा ३२०, चौथा १०००, धरण पायथा ४०. एकूण १९६० मेगावॅट. हा आकडा वाचून अनेकांना वाटते की कोयना रात्रंदिवस १९६० मेगावॅट वीज देते. तसे नाही. कृष्णेचे पाणी अनेक राज्यांत वाटले गेले आहे आणि बच्छावत लवादाने कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. १ जून ते ३१ मे हे त्याचे वर्ष. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरहून थोडे अधिक पाणी. ते पोफळी आणि अलोरे अशा दोन्ही ठिकाणी वापरले की ठोकळ मानाने चार कोटी युनिट होतात. म्हणजे ६७.५ टीएमसीचे वर्षाला २७० कोटींच्या घरात. सगळी मशीन पूर्ण क्षमतेने चालवायची म्हटली, तर हे पाणी दिवसाला सरासरी चारेक तासच पुरते.

मग चौथ्या टप्प्यावर एवढा खर्च का केला, पाणी तर वाढले नाही? याच चार तासांसाठी. तेच पाणी दिवसभर थोडे थोडे सोडण्याऐवजी मागणी शिगेला पोचते तेव्हा एकदम सोडता यावे, म्हणून २५० मेगावॅटचे चार मोठे संच बसवले. त्यासाठी जलाशय रिकामा न करता, बोगदा तळ्याच्या तळापर्यंत आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी आत घेतले. १३ मार्च १९९९ चे ते ‘लेक टॅपिंग’ आशियातले पहिले होते. आमच्या अभियंत्यांनी त्या दिवशी जे करून दाखवले, त्याचा अभिमान मला आजही आहे.

सौरऊर्जेमुळे या चार तासांचे मोल आता आणखी वाढले आहे. राज्यात शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याचे काम जोरात चालू आहे, मोठमोठी सौर केंद्रे उभी राहत आहेत. दुपारी वीज मुबलक असते. सूर्य मावळला की ती सगळी एकदम नाहीशी होते आणि नेमकी तेव्हाच मागणी वर चढत असते. ही पोकळी कोळशाने भरली तर दिवसभर सौरऊर्जेने वाचवलेला कोळसा संध्याकाळी जाळावा लागतो. ती पाण्याने भरली तर नाही. कोयनेच्या वर्षाच्या विजेइतकी वीज कोळशावर करायची तर अंदाजे १७-१८ लाख टन कोळसा जाळावा लागेल. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने २५ मेगावॅटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेत गणायचे ठरवले. निर्णय योग्य होता. पाऊस दरवर्षी येतो, म्हणून ही वीज अक्षय आहे. पण ती अमाप नाही. तिला ६७.५ टीएमसीची सीमा आहे आणि तिच्यावर इतरांचे हक्क आहेत.

पहिला हक्क पूर्वेकडच्या शेतकऱ्याचा. कोयनेतून कृष्णेत उतरणाऱ्या पाण्यावर सांगलीपर्यंतची शेती आणि ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजना अवलंबून आहेत. धरण भरत नाही त्या वर्षी वीज की सिंचन, हा प्रश्न उभा राहतोच आणि अशा वर्षी पश्चिमेचे पाणी कमी करून पूर्वेला सोडले जाते. माझ्या मते तेच बरोबर आहे. विजेला दुसरे मार्ग आहेत, उभ्या पिकाला आणि पिण्याच्या पाण्याला नाहीत. दुसरा हक्क कोकणाचा. वीज करून झालेले अवजल वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला जाते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर कोळकेवाडीतून सुटणाऱ्या पाण्याबद्दल चिपळूणकरांनी प्रश्न विचारले. पावसाच्या दिवसांत किती पाणी केव्हा सोडले, हे खालच्या माणसाला आधी आणि स्पष्ट कळलेच पाहिजे.

आणि सर्वांत जुना हक्क ज्यांची गावे शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळाशी आहेत त्यांचा. पोफळीत माझ्याबरोबर एक वयस्क हेल्पर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. जावळी तालुक्यातले. मे महिन्यात पाणी खाली गेले की ते दोन दिवसांची रजा टाकत. ‘‘देवळाचा चौथरा उघडा पडतो, साहेब. नारळ वाढवून येतो,’’ इतकेच सांगत. त्यांच्या वडिलांना दुसऱ्या जिल्ह्यात जमीन दाखवली होती. मामा निवृत्त झाले तरी त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढले नव्हते. ज्या माणसाच्या गावावरचे पाणी चाकावर पडून वीज होत होती, त्याच चाकाला तो ग्रीस लावत होता. कोयनेच्या हजारो धरणग्रस्त कुटुंबांचे अनेक प्रश्न साठ वर्षांनंतरही सुटलेले नाहीत आणि त्यांना आजही आंदोलने करावी लागतात. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. महाराष्ट्रातली जलविद्युत शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे न फेडलेले देणेही तितकेच जुने आहे.

भूकंपाचेही बोलले पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. धरणाला भेगा पडल्या, पण ते टिकले. नंतर ते भक्कम करण्यात आले. जलाशयातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध जगभर अभ्यासला जातो, त्यात कोयना हे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण आहे. गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन शास्त्रज्ञांनी जमिनीच्या पोटातले निरीक्षण सुरू केले आहे. मोठे पाणी साठवणे ही कायमची जबाबदारी असते. धरण बांधून झाले म्हणजे ती संपत नाही.

पुढचा रस्ता उदंचन जलविद्युतचा आहे. एक तळे वर, एक खाली. दुपारी सौर वीज जास्त झाली की खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज घ्यायची. चढवायला शंभर युनिट लागले तर परत ७५ ते ८० मिळतात, पण मिळतात ते हव्या त्या वेळी. अकोले तालुक्यातल्या घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प चालू आहे. वरचे धरण घाटमाथ्यावर, खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याला. टाटांनी भिवपुरी आणि शिरवत्याला मोठ्या उदंचन प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला आहे आणि घाटमाथ्यावर आणखी जागा शोधल्या जात आहेत. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने नदीचे पाणी इथे कमी लागते. पण जमीन लागते आणि सह्याद्रीचे जंगलही लागते. म्हणून जिथे जुनी धरणे आणि जुने जलाशय आहेत तिथेच आधी हे प्रकल्प करावेत. वाघ-गव्यांच्या जंगलात आणि देवराईत हात घालू नये.

वाचकाला माझे दोनच शब्द सांगायचे आहेत. घरात पाण्याची मोटर, गिझर, वॉशिंग मशीन चालवायचे असेल तर शक्य तेव्हा सकाळी उशिरा किंवा दुपारी चालवा, संध्याकाळी सहा ते दहा टाळा. लाखो घरांनी हे केले तर कोयनेचे पाणी वाचते आणि कोळसाही. आणि नव्या उदंचन प्रकल्पाची बातमी वाचाल तेव्हा आपल्या आमदाराला आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : कोयनेच्या शेवटच्या धरणग्रस्ताला त्याचा सातबारा मिळाला का? तो मिळाल्याशिवाय सह्याद्रीत एकाही नव्या गावाकडे जमीन मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.